एक खतावणी, अनेक हात

(एका निवृत्त महसूल कारकुनाकडून)

आपण ज्या संस्थेचे सभासद आहों, तिच्या दप्तरांत आपल्या नांवापुढें कोणती रक्कम लिहिलेली आहे, हें प्रत्येक शेतकऱ्यानें वर्षांतून एकदां तरी स्वतः पाहून घ्यावें, असा जुन्या लोकांचा परिपाठ होता. त्या काळीं खतावणी कापडी बांधणीची असे, ती सचिवाच्या मेजावर उघडी असे, आणि तींत खाडाखोड झाली तर ती कोणाच्याही नजरेस येई. आतां बहुतेक ठिकाणीं खतावणी संगणकांत गेली आहे. बेरीज चुकत नाहीं, खातेउतारा क्षणांत निघतो, अक्षर लागत नाहीं ही तक्रार उरली नाहीं. हे संगणकाचे उपकार मान्यच केले पाहिजेत. परंतु जेथें एकाच खतावणींत तीन-चार मेजांवरून एकाच वेळीं लिहिलें जातें, तेथें एक नव्या तऱ्हेची चूक संभवते, व ती पूर्वींच्या खाडाखोडीप्रमाणें डोळ्यांस दिसत नाहीं. ती कशी घडते व तिला आळा कसा घालावा, हें वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रस्तुत लेखकाचें शिक्षण मराठी शाळेंतलें. उभी नोकरी महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली व संगणक निम्म्या नोकरीनंतर शिकावा लागला. तेव्हां येथें पांडित्य कांहीं सांपडावयाचें नाहीं. जें हातानें केलें व डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच सांगितलें आहे.

चाळीस हजारांची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. एका सोसायटीनें आपल्या कचेरींतील तीन संगणक तारेनें एकमेकांस जोडले व सभासदांची खतावणी ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’ या डेटाबेसच्या कार्यक्रमांत तयार करून घेतली. एका संगणकावर सचिव, दुसऱ्यावर वसुलीचा लेखनिक व तिसऱ्यावर खतविक्रीचा लेखनिक, अशी मांडणी होती. तिघेही एकच फाइल उघडून काम करीत.

त्या सोसायटीचे एक सभासद, चार एकर बागायतीचे धनी, यांच्याकडे पीककर्जाचे ४०,००० व पाइपलाइनीसाठीं घेतलेल्या मध्यम मुदतीच्या कर्जाचे ५२,००० मिळून ९२,००० रुपये मुद्दल येणें होतें. पीककर्जाची मुदत मार्चअखेर होती. त्यांनीं २८ मार्च रोजीं व्याज वेगळें चुकतें केलें, मुद्दलाचे ४०,००० रोख भरले, पावती घेतली व घरीं गेले. मे महिन्यांत त्यांच्या दारीं थकबाकीची नोटीस आली. तींत येणें रक्कम ९३,५०० लिहिलेली होती.

गृहस्थ पावती घेऊन कचेरींत आले. सचिव तरुण, पण सरळ मनुष्य. त्यानें खातें उघडून पाहिलें व म्हणाला, “अण्णा, संगणकांत तुमची वसुली दिसत नाहीं.” अण्णा म्हणाले, “संगणकांत नसेल बाबा, पण माझ्या खिशांत आहे.”

पावती खरी होती. पावतीपुस्तकांतील स्थळप्रत खरी होती. कीर्द जुळलेली होती आणि त्या दिवसाची रोकड बँकेंत भरलेली होती. खतावणी मात्र निराळें बोलत होती. गांवांत कुजबूज सुरू झाली, व वसुलीच्या लेखनिकाकडे लोक संशयानें पाहूं लागले. इकडे अण्णांचें नांव थकबाकीदारांच्या यादींत चढलेलें. म्हणजे मुदतींत फेड केल्याबद्दलची व्याजसवलत गेली, नवें पीककर्ज अडलें, व संचालक मंडळाची निवडणूक लढविण्याचा हक्कही अडचणींत आला. एका आंकड्यामुळें दोन घरांची अब्रू टांगली गेली.

सचिवाशीं ओळख असल्यामुळें त्यानें मला बोलाविलें. सर्व खात्यांची बेरीज ताळेबंदाशीं लावून पाहतां फरक बरोबर ४०,००० चा निघाला. मग खतविक्रीच्या लेखनिकास जवळ बसवून त्या दिवशींचें काम विचारलें, तेव्हां उलगडा झाला.

त्या खतावणींत प्रत्येक सभासदापुढें ‘येणें बाकी’ असा एकच रकाना होता, व व्यवहार झाला कीं लेखनिक त्यांतील आंकडा बदलीत असे. २८ मार्चला वसुलीच्या लेखनिकानें अण्णांचें खातें उघडलें; ९२,००० मधून ४०,००० वजा करून ५२,००० लिहिले. त्याच वेळीं अण्णांचा मुलगा खतविक्रीच्या मेजापुढें उभा होता व १,५०० रुपयांचें खत उधारीवर घेत होता. तेथील लेखनिकानेंही तेंच खातें उघडलेलें होतें, आणि त्याच्यापुढें अजून जुने ९२,००० च दिसत होते. त्यानें १,५०० मिळवून ९३,५०० लिहिले. पहिल्याची नोंद आधीं जतन झाली. दुसरा जतन करूं गेला, तेव्हां पडद्यावर इंग्रजींत एक चौकट उमटली व तिच्याखालीं तीन बटणें आलीं. पुढें पांच-सहा माणसें ताटकळत उभीं. लेखनिकानें पहिलें बटण दाबलें व चौकट गेली.

त्या चौकटीचा मतलब असा होता : “आपण हें खातें उघडल्यावर दुसऱ्या कोणी त्यांत बदल केला आहे. आपण जतन केल्यास त्याचा बदल पुसला जाईल.” पहिलें बटण ‘तरीही जतन करा’ याचें, दुसरें आपला मजकूर तात्पुरता बाजूस ठेवून दुसऱ्याचा बदल पाहण्याचें, व तिसरें आपला बदल सोडून देण्याचें. पहिलें बटण दाबतांच ५२,००० पुसले गेले व ९३,५०० कायम झाले. खरा आंकडा ५३,५०० हवा होता. कोणीं पैसे खाल्ले नाहींत, कोणीं खोटें लिहिलें नाहीं. यंत्रानें तर बजावूनही सांगितलें. दोष होता तो वहीच्या आंखणींत.

फाइल एके ठिकाणीं, कारकून अनेक ठिकाणीं

ॲक्सेस हा कार्यक्रम १९९२ सालीं बाजारांत आला. लहान कचेरीस तो सोयीचा पडतो, कारण त्यांत वही, नोंदीचा फॉर्म व छापील अहवाल हीं तिन्ही एकत्र मिळतात. परंतु त्याची काम करण्याची रीत समजून घेतली पाहिजे. फाइल जरी सचिवाच्या संगणकावर असली, तरी ती वाचण्याचें व लिहिण्याचें काम तो संगणक सर्वांसाठीं करीत नाहीं. प्रत्येक मेजावरील संगणक तारेवरून त्या फाइलीचे तुकडे आपल्याकडे ओढून घेतो, स्वतः बदल करितो व परत तेथें नेऊन ठेवितो. दप्तरखान्याचें दार उघडें आहे, आंत अभिलेखपाल नाहीं, आणि जो तो स्वतः आंत जाऊन रुमाल सोडतो व बांधतो, असा हा प्रकार आहे. सर्वजण शिस्तीनें वागले तर काम चालतें. परंतु एखादा मनुष्य रुमाल अर्धा बांधून निघून गेला, तर तो सर्वांचाच विसकटतो.

आंत कोण कोण आहेत हें कळावें म्हणून हा कार्यक्रम मूळ फाइलीशेजारीं त्याच नांवाची एक लहान फाइल उत्पन्न करितो. नव्या पद्धतींत तिच्या नांवाचा शेवट ‘एलएसीसीडीबी’ व जुन्या पद्धतींत ‘एलडीबी’ असा असतो. शेवटचा मनुष्य बाहेर पडला कीं ती आपोआप नाहींशी होते. यास्तव ज्या फोल्डरांत मूळ फाइल ठेविली असेल, तेथें प्रत्येक लेखनिकास वाचण्याची, लिहिण्याची, नवी फाइल करण्याची व काढून टाकण्याची, अशा चारही परवानग्या असाव्या लागतात. पुष्कळ कचेऱ्यांत ‘एकानें उघडली कीं दुसऱ्यास उघडत नाहीं’ अशी तक्रार येते, तिचें मूळ बहुधा या परवानग्यांत असतें. अथवा पहिल्यानें ती ‘केवळ आपल्यापुरती’ अशा रीतीनें उघडलेली असते. सर्वजण घरीं गेल्यावरही ती लहान फाइल तशीच दिसली, तर कोणाचा तरी संगणक मध्येंच तुटला असें समजावें व दुसऱ्या दिवशीं काम सुरू करण्यापूर्वीं तपास करावा.

पहिला नियम : वही व लेखणी वेगळी ठेवावी

फाइलीचे दोन भाग करावेत. एका भागांत केवळ नोंदींचे तक्ते असावेत. हा भाग एकाच ठिकाणीं राहील. दुसऱ्या भागांत नोंदीचे फॉर्म व अहवाल असावेत. याची स्वतंत्र प्रत प्रत्येक मेजावरील संगणकांत ठेवावी व ती पहिल्या भागास जोडावी. फाइल अशी दुभागण्याची आज्ञा ॲक्सेसमध्येंच दिलेली आहे. वही संस्थेची व लेखणी ज्याची त्याची, असा हा विभाग होतो.

याचे लाभ दोन आहेत. तारेवरून फॉर्म व अहवाल यांचा भार जात नाहीं, त्यामुळें काम झटपट होतें. आणि एखाद्या मेजावरचा फॉर्म बिघडला तर तेथें नवी प्रत ठेवली कीं भागतें, वहीस धक्का लागत नाहीं. कित्येक ठिकाणीं वही वेगळी काढितात, पण लेखणीची मात्र एकच प्रत सामाईक ठेवून सर्वजण तीच उघडतात. त्यानें निम्मा लाभ बुडतो. जेथें फॉर्म बदलावयाचे नसून केवळ वापरावयाचे आहेत, त्या संगणकांसाठीं ॲक्सेसची चालविण्यापुरती आवृत्ती विनामूल्य मिळते, हेंही संचालकांनीं लक्षांत ठेवावें.

दुसरा नियम : आंकडा खोडूं नये, नवी ओळ लिहावी

सर्व लेखाचें सार या नियमांत आहे. आमच्या नोकरींत सातबाऱ्यावरील नांव कोणी थेट खोडीत नसे. खरेदी झाली, वारस लागला, बोजा चढला, तरी प्रथम गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफार नोंदवहींत, क्रमांक घालून नोंद लिहावयाची; संबंधितांस नोटीस द्यावयाची; मंडळ अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावयाची; आणि मग तिचा अंमल सातबाऱ्यावर देऊन फेरफाराचा क्रमांक तेथें दाखवावयाचा. त्यामुळें पन्नास वर्षांनींही कोणता बदल कशामुळें झाला हें सांगतां येतें. सातबारा हा शेवटचा निकाल. त्याचा पुरावा फेरफारांत.

सोसायटीच्या खतावणींतही तसेंच असावें. सभासदाचें नांव, पत्ता व गट क्रमांक यांचा एक तक्ता. व्यवहारांचा दुसरा तक्ता. व्यवहाराच्या प्रत्येक ओळींत तारीख, सभासद क्रमांक, व्यवहाराचा प्रकार, रक्कम, पावती क्रमांक, लिहिणाऱ्याचें नांव व वेळ असावी. ‘येणें बाकी’ हा रकाना मुळींच ठेवूं नये; मागतील तेव्हां ओळींची बेरीज-वजाबाकी करून संगणकानेंच ती दाखवावी. अण्णांच्या बाबतींत असें असतें, तर वसुलीच्या लेखनिकानें ४०,००० जमेची एक ओळ व खताच्या लेखनिकानें १,५०० नांवेची दुसरी ओळ लिहिली असती. दोन ओळी निरनिराळ्या असल्यामुळें एकानें दुसऱ्याची पुसण्याचा संभवच उरला नसता, व बाकी आपोआप ५३,५०० आली असती.

चूक झालीच तर ती ओळ काढून न टाकतां उलट नोंद करावी व तिच्यापुढें कारण लिहावें. व्यवहाराचा अनुक्रमांक यंत्रासच घालूं द्यावा. ‘शेवटचा क्रमांक पाहून त्यांत एक मिळवावा’ अशी रचना केल्यास, दोन लेखनिक एकाच क्षणीं तोच शेवटचा क्रमांक पाहतात व दोन पावत्यांस एकच क्रमांक पडतो. लिहिणाऱ्याच्या नांवाचा रकाना विशेष अगत्याचा आहे. कारण २००७ पासूनच्या नव्या फाइलपद्धतींत प्रत्येक लेखनिकास वेगळा परवाना देण्याची जुनी सोय राहिलेली नाहीं, सगळ्या फाइलीस मिळून एक परवलीचा शब्द तेवढा घालतां येतो.

सभासदाचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांसारख्या गोष्टी मात्र जागच्या जागींच बदलाव्या लागतात. त्यांसाठीं फॉर्मवर कुलुपाची योजना करावी. ॲक्सेसमध्यें तिचे तीन प्रकार आहेत : कुलूप नाहीं, ज्या नोंदींत बदल चालू आहे तिला कुलूप, व सर्वच नोंदींस कुलूप. पहिल्या प्रकारांत अण्णांसारखी गत होते. तिसऱ्यांत एकाचें काम संपेपर्यंत इतरांनीं बसून राहावयाचें. मधला प्रकार लहान कचेरीस योग्य होय. परंतु त्यांतही नोंद अर्धी लिहून चहास जाणाऱ्या मनुष्यामुळें खातें अडून राहतें. म्हणून मेज सोडण्यापूर्वीं नोंद पुरी करावी अथवा सोडून द्यावी, हा दंडक घालावा.

तिसरा नियम : दप्तर बंद करणारा एक मनुष्य असावा

सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, हा अनुभव आहे. यासाठीं रोज सायंकाळीं दप्तर बंद करण्याचा अधिकार व जबाबदारी एकाच्याच अंगावर टाकावी. त्यानें प्रथम सर्व मेजांवरून काम बंद झाल्याची खात्री करावी. मग वहीच्या फाइलीची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी. लोक लिहीत असतांना घेतलेली नक्कल अर्धवट निघूं शकते. महिन्यांतून एकदां ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल ही नक्कलच नव्हे.

या फाइलींतून नोंद काढली तरी तिची जागा रिकामी होत नाहीं, व फाइल फुगत जाते. तिला आंवळून दुरुस्त करण्याची आज्ञा त्याच कार्यक्रमांत आहे. नक्कल घेतल्यावर, कोणीही आंत नसतांना, ती आज्ञा ठराविक काळानें द्यावी.

विजेची गोष्ट आपल्या गांवांकडे महत्त्वाची आहे. पुष्कळ संस्था मुख्य संगणकास तेवढा यूपीएस लावितात व निर्धास्त होतात. वर सांगितल्याप्रमाणें येथें प्रत्येक संगणक स्वतः वहींत लिहितो; म्हणून लिहितां लिहितां खतविक्रीच्या मेजावरची वीज गेली तरी मूळ फाइल बिघडूं शकते. तीनही संगणकांस व तारा जोडणाऱ्या पेटीस, सर्वांस यूपीएस हवा. त्याच कारणास्तव ही फाइल वायफायवरून चालवूं नये, तारच बरी. आणि इंटरनेटवरील ज्या फोल्डरांत फाइल आपोआप नकलून जाते, तेथें ठेवून तर दोन गांवांहून एकदम मुळींच लिहूं नये. एकाची फाइल दुसऱ्याच्या फाइलीवर येऊन बसते.

मर्यादा कोठें येते

ॲक्सेसची एक फाइल २ जीबीपर्यंतच वाढूं शकते. एकाच वेळीं २५५ जणांनीं उघडावी अशी कागदोपत्रीं मुभा आहे. परंतु कागदावरचें पीक व खळ्यांतील रास यांत जें अंतर, तेंच येथेंही. तीन-चार मेजांची कचेरी वरील नियम पाळून सुखानें चालते. विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमधील ‘बेस’ या कार्यक्रमाची नेहमीची अंतर्भूत फाइल तर एका वेळीं एकानेंच वापरावयाची असते, हें ध्यानांत ठेवावें.

मेजें वाढलीं, दुसऱ्या गांवीं शाखा निघाली किंवा फाइल वारंवार बिघडूं लागली, कीं दप्तरखान्यांत अभिलेखपाल बसविण्याची वेळ आली असें समजावें. पोस्टग्रेएसक्यूएल, मारियाडीबी यांसारखे कार्यक्रम विनामूल्य असून ते हेंच काम करितात. त्यांत मेजावरील संगणक वहीस हात लावीत नाहीं. तो मागणी पाठवितो, व मुख्य संगणकावर बसलेला कार्यक्रम एकटाच वही उघडून नोंद पुरी करितो, अथवा मुळींच करीत नाहीं. अर्धी ठेवीत नाहीं. ॲक्सेसमधील जुने फॉर्म तशा वहीस जोडतां येतात, त्यामुळें केलेला खर्च सगळाच वायां जात नाहीं.

केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेस मंजुरी दिली, व अशा संस्थांस सामाईक प्रणालींत आणण्याचें धोरण ठरलें. परंतु दूध संस्था, पाणीवापर संस्था, खरेदी-विक्री संघ व शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्या लहान कचेऱ्यांत घरगुती बनावटीच्या फाइली पुष्कळ आहेत. त्यांच्या सभासदांनीं हा विषय आपलाच समजावा.

सभासदांनीं काय करावें

अण्णांची नोटीस सचिवानें दुसऱ्याच दिवशीं स्वतः त्यांच्या घरीं जाऊन परत घेतली. पावतीवरील तारखेमुळें फेड मुदतींत ठरली व सवलतही वांचली. वसुलीच्या लेखनिकावरचा आळ गेला. त्या सोसायटीनें पुढें वहीची आंखणी बदलून घेतली. परंतु हें सर्व तारलें तें एका कागदाच्या चिठोऱ्यानें, जो अण्णांनीं कापडांत गुंडाळून पेटींत जपून ठेविला होता. त्यांच्या जागीं पावती हरविणारा मनुष्य असता तर काय झालें असतें, याचा विचार प्रत्येकानें करावा.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंती अशी कीं, पैसे भरल्याबरोबर पावती तर घ्यावीच. शिवाय एप्रिल महिन्यांत आपला खातेउतारा मागून घेऊन तो पावत्यांशीं ओळीनें ताडून पाहावा. उताऱ्यावर केवळ बाकीचा आंकडा असेल तर तो अपुरा समजून परत करावा. प्रत्येक व्यवहाराची ओळ मागावी. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेंत नफावांटणीच्या चर्चेइतकीच आस्था ठेवून चार प्रश्न विचारावेत : आपल्या खतावणींत आंकडा बदलतात कीं नवी ओळ लिहितात? प्रत्येक ओळीपुढें लिहिणाऱ्याचें नांव आहे काय? नक्कल रोज कोण घेतो? ती नक्कल शेवटची केव्हां उघडून पाहिली? या चारही प्रश्नांचीं उत्तरें सचिवास न अडखळतां देतां आलीं, तर आपलें दप्तर सुरक्षित हातीं आहे असें खुशाल समजावें.